कोंबड्यांवर कोणाचा डोळा, कोणत्या ऋतूत?

वाचकांचे प्रश्न : परसातील कुक्कुटपालन

या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच काळजीने लिहिलेली आहेत. रोग नाही, खाद्याची कमतरता नाही, तरीही कोंबड्या कमी होत आहेत. परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या घरात अंड्यावर आलेली एक तलंग गेली तरी महिन्याचा हिशेब विस्कटतो, आणि हा हिशेब बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईच्या हातचा असतो, म्हणून या नुकसानीकडे किरकोळ म्हणून पाहणे मला पटत नाही. ‘काय करू’ असे सर्वांनीच विचारले आहे, मात्र ‘कोण नेते’ हे फार थोड्यांनी पाहून ठेवले आहे. उत्तरे देताना मी आधी या दुसऱ्या गोष्टीकडे वळलो आहे, कारण घारीवरचा उपाय मुंगसाला लागू पडत नाही आणि मे महिन्यातला बंदोबस्त ऑगस्टमध्ये अपुरा ठरतो.

प्रश्न : आमच्याकडे गावरान कोंबड्या आहेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक खुडूक कोंबडी 13 अंड्यांवर बसवली, 11 पिल्ले निघाली आणि एप्रिल उजाडेपर्यंत त्यातली चारच उरली. घार डोळ्यांदेखत पिल्लू उचलून नेते. दरवर्षी हेच होते. त्यापेक्षा पिल्ले पावसाळ्यात काढावीत का?
— एक भगिनी, दापोली तालुका

उत्तर : तुमची कोंबडी अंड्यांवर बसते, त्याच सुमारास घारही बसते. आपल्याकडे घारींचा विणीचा हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाच्या आधी त्यांची पिल्ले घरट्याबाहेर पडतात. म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उंच झाडाच्या शेंड्यावर सतत खायला मागणारी तोंडे असतात आणि नेमक्या याच दिवसांत खाली तुमच्या अंगणात मऊ पिल्ले फिरत असतात. किनारपट्टीवर पांढऱ्या डोक्याची, तांबूस पाठीची ब्राह्मणी घारही याच काळात विणीला असते. उन्हाळा वाढतो तसा शिक्रा घरट्याला लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये गावकावळ्यांची घरटी सुरू झाली की कावळेही लहान पिल्लांवर आणि उघड्यावरच्या अंड्यांवर तुटून पडतात. ज्या महिन्यांत परंपरेने कोंबड्या बसवल्या जातात, ते सगळे महिने शिकारी पक्ष्यांच्याही पिल्लांचे आहेत.

पावसाळ्यात पिल्ले काढण्याचा सल्ला मी देणार नाही. त्या दिवसांत आकाशातला धोका कमी होतो हे खरे, पण ओलसर तुसामुळे पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि जमिनीवरून येणारे साप, घोरपड, मुंगूस यांचा वावर वाढलेला असतो. कोकणातील हवामान पाहता दसरा-दिवाळीच्या सुमारास बसवलेली कोंबडी अधिक सोयीची. 21 दिवसांनी पिल्ले निघतात, तेव्हा पाऊस सरलेला असतो, किनाऱ्यालगत थंडी बेताचीच असते, आणि घारींची भूक वाढण्याच्या वेळेपर्यंत पिल्ले दोन-अडीच महिन्यांची होतात. घारीचे स्वतःचे वजन एक किलोच्या आतबाहेर असते, त्यामुळे अर्ध्या किलोची तलंग उचलून उडणे तिला जमत नाही. शिक्रा तर कबुतराएवढा पक्षी आहे, त्याचा धोका फक्त लहान पिल्लांनाच.

फेब्रुवारीतच पिल्ले निघाली असतील तर पहिले पाच-सहा आठवडे त्यांना उघड्या अंगणात सोडू नये. सकाळ-संध्याकाळ मोठ्या डालग्याखाली आईसह ठेवावे, डालग्यावर दगड ठेवावा आणि जागा रोज बदलावी, म्हणजे त्यांना ताजे किडे-गवतही मिळते. पुढे मोकळे सोडताना अंगणात आडोसा आहे की नाही ते पाहावे. घार दिसताच कोंबडी विशिष्ट आवाज काढते आणि पिल्ले धावतात. ती पाच-सात पावलांत कशाखाली तरी शिरू शकली तरच त्या इशाऱ्याचा उपयोग होतो. अडुळसा, गवती चहा, अननस, अबोलीची दाट रांग, जुने बाकडे, तिरके टेकवलेले माडाचे झाप, यांतले काहीही चालते. झाडून लखलखीत केलेले, शेणाने सारवलेले मोकळे खळे दिसायला सुंदर असले तरी पिल्लांसाठी तीच सर्वांत धोक्याची जागा आहे.

कोळ्यांकडून जुने जाळे मिळाले तर खुराड्यासमोरच्या जागेवर माणसाच्या उंचीच्या वर ते बांधता येते. जाळे ताणून बांधावे. सैल लोंबणाऱ्या जाळ्यात घुबड, भारद्वाज आणि जमिनीला टेकलेल्या टोकात साप अडकून हाल होऊन मरतात. जाळे शक्य नसेल तर दोन-दोन फुटांवर ताणलेल्या सुतळ्याही घारीचा झेप घेण्याचा मार्ग मोडतात. रंगाचाही काही भाग आहे. पांढरी पिल्ले वरून लगेच दिसतात. गावरान किंवा वनराजा या सुधारित जातीसारखी मिश्र रंगाची पिल्ले पाचोळ्यात मिसळून जातात.

प्रश्न : ऑगस्टमध्ये भर दुपारी तीन कोंबड्या एकाच दिवशी मेलेल्या सापडल्या. मानेवर चावा होता, मांस फारसे खाल्लेले नव्हते. खुराड्याला जाळी आहे. शेजारी म्हणतात की मुंगूस आहे, विषारी मटण ठेवा म्हणजे प्रश्न मिटेल. योग्य मार्ग कोणता?
— एक शेतकरी, कराड तालुका

उत्तर : दिवसाची वेळ, मानेवरचा किंवा डोक्यामागचा चावा आणि खाण्यापेक्षा मारण्याचेच प्रमाण अधिक, यावरून मुंगसाची शक्यता मोठी आहे. मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे. एरवी तो एक सावज पकडून निघून जातो, पण बंद जागेत घाबरून फडफडणाऱ्या कोंबड्या समोर आल्या की तो एकामागून एक धरतो. म्हणून तुमचे नुकसान अंगणात झाले की खुराड्यात, हे महत्त्वाचे आहे. खुराड्यात झाले असेल तर कुठेतरी फट आहे.

शेजाऱ्यांचा सल्ला कृपया मानू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार संरक्षित प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत विष घालणे, फासे लावणे, सापळ्यात पकडणे हे सारे येते. कायदा बाजूला ठेवला तरी विषारी मटण मुंगूसच खाईल याची खात्री नसते. ते गावातले कुत्रे खाते, मांजर खाते, मेलेले मांजर घार खाते, आणि अंगणात खेळणारे मूल त्याला हात लावते. एक मुंगूस मेला तरी त्याची जागा लवकरच दुसरा घेतो, कारण फट आणि कोंबड्या दोन्ही तिथेच असतात. शिवाय खुराड्याच्या आसपासचे उंदीर, घुशी आणि साप कमी ठेवण्याचे काम हाच प्राणी वर्षभर करत असतो.

प्रथम खात्री करून घ्या. चुलीतली राख चाळणीने चाळून खुराड्याच्या वळचणीखाली, जिथे पावसाचे थेंब पोहोचत नाहीत, तिथे हातभर रुंद पट्टा पसरा आणि सकाळी व दुपारी तो खाली वाकून पाहा. कुत्रा आणि कोल्हा यांच्या ठशात चार बोटे आणि पुढे नखांच्या खुणा असतात. कोल्ह्याचा ठसा कुत्र्यापेक्षा लांबट असतो. मांजराच्या, मग ते घरचे असो वा रानचे, गोलसर ठशात चार बोटे दिसतात पण नखे उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. मुंगसाचा ठसा लहान, पाच बोटांचा आणि पुढे लांब नखांच्या बारीक टोचा असलेला असतो. उदमांजराचाही पाच बोटांचा, पण मोठा आणि गुबगुबीत असतो, आणि तो रात्रीच उमटतो. घोरपड गेली असेल तर दोन्ही बाजूंच्या पायांच्या मध्ये शेपटीची ओढलेली रेघ दिसते. साप गेला असेल तर राख नुसती पुसल्यासारखी होते. चार-पाच दिवस हे पाहिलेत तर अंदाज करत बसण्याची गरज उरणार नाही.

आता फटीविषयी. तुम्ही ‘जाळी आहे’ असे लिहिले आहे, ती बहुधा बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडीजाळी असावी. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला रोखत नाही. कुत्रे ती दातांनी फाडते, उंदीर आणि मुंगसाची पिल्ले तिच्या भोकांतून शिरतात. जमिनीपासून निदान तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावावी. तिचा खालचा भाग एक फूट जमिनीत पुरावा, किंवा मुरूम-दगडात खणणे शक्य नसेल तर दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवा पसरून त्यावर दगड रचावेत. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटूनच उकरू लागतो आणि त्याला जाळी लागते.

दाराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पावसाळ्यातले पुष्कळसे नुकसान तिथून होते. लाकडी दार पावसात फुगते, चौकटीत नीट बसत नाही, मग आपण ते ढकलून तसेच सोडतो आणि खालच्या कोपऱ्यात दोन बोटांची फट राहते. डिसेंबरमध्ये तेच दार सुकून आक्रसते आणि फट बिजागरीच्या बाजूला सरकते. दोन्ही वेळा दार रंध्याने घासून किंवा कडेला पत्र्याची पट्टी ठोकून नीट करून घ्यावे. नुसती आडवी कडी पुरत नाही, कोयंड्यात खिळा अडकवावा.

शेवटी, पावसाळ्यात गोठ्यामागचा हत्तीघास थेट खुराड्याला टेकतो. मुंगूस उघड्यावरून जायला बिचकतो आणि झुडपाच्या कडेकडेनेच येतो. खुराड्याभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा कापून मोकळा ठेवलात तर त्याचे धाडस निम्म्यावर येते. दापोलीच्या भगिनींना मी आडोसा ठेवायला सांगितले आणि तुम्हाला तो काढायला सांगतो आहे, यात विसंगती नाही. पिल्लांना दाणे टिपण्याच्या जागी छत्र हवे, आणि रात्रीच्या निवाऱ्याच्या भिंतीभोवती उघडी जमीन हवी.

प्रश्न : जुलैपासून खुराड्यातली अंडी नाहीशी होतात. टरफलही राहत नाही. कोंबडीच खाते असे घरचे म्हणतात. साप असेल तर काय लावावे म्हणजे येणार नाही?
— एक वाचक, सत्तरी, गोवा

उत्तर : कोंबडी अंडे खाते तेव्हा तूस ओले होते, टरफलाचे तुकडे राहतात आणि तिच्या चोचीला बलक वाळलेला दिसतो. उंदीर कडेला दातांच्या खुणा ठेवतो, मुंगूस एक टोक फोडून उरलेले कवच टाकून जातो. मागे काहीच उरत नसेल तर अंडे सबंध गिळणाऱ्याचा, म्हणजे सापाचा किंवा घोरपडीचा संशय घ्यावा. कावळाही अंडे उचलून नेतो, पण त्यासाठी त्याला खुराड्यात उडून शिरता यायला हवे.

पावसाळ्यात बिळांत पाणी भरते, उंदीर कोरड्या जागी येतात आणि त्यांच्या मागे धामण व नाग येतात. घोरपडही थंडीत बहुतेक दडून राहते आणि पावसाळ्यात सर्वाधिक हिंडते. नागाची अंडी याच सुमारास फुटतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये वीतभर लांबीची पिल्लेही घराच्या आसपास दिसतात, आणि तीही जन्मापासून विषारी असतात.

डांबराच्या गोळ्या, लसूण, फिनेल यांनी साप अडत नाही, आणि कार्बोलिक आम्ल तर मुलांच्या व जनावरांच्या आसपास ठेवूच नये. साप थांबतो तो अर्ध्या इंचाच्या जाळीने, जांभ्या दगडांतल्या भेगा चुन्याने किंवा सिमेंटने भरल्याने, आणि उंदीर थांबल्याने. रात्री भांड्यात दाणे ठेवू नयेत. अंडी दुपारी आणि पुन्हा तिन्हीसांजेच्या आधी गोळा करावीत.

मला अंड्यांपेक्षा हाताची काळजी अधिक वाटते. कृपया काळोखात अंडी घालण्याच्या टोपलीत हात घालू नका. टोपली कमरेच्या उंचीवर ठेवा, टॉर्चने आत पाहा, आणि तूस काठीने हलवूनच हात घाला. अंडे घातलेल्या कोंबडीखाली वेटोळे करून बसलेला नाग ही ऐकीव गोष्ट नाही. साप दिसला तर परिसरातल्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावे. घोरपड आणि अजगर हे दोन्ही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना मारल्यास तुरुंगवास होतो. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, दोरीने करकचून बांधणे यांत वेळ घालवू नये. हात किंवा पाय हलू न देता 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने, प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात पोहोचावे.

प्रश्न : मेलेला कावळा काठीला टांगल्यास बाकीचे कावळे येत नाहीत असे ऐकले आहे. करावे का?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : नाही, मुळीच करू नये. कावळे काही दिवस बिचकतात हे खरे असले तरी मेलेला कावळा हा कोंबड्यांच्या दृष्टीने घारीपेक्षा मोठा धोका आहे. देशात पक्ष्यांच्या फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला, आणि जानेवारी 2021 मध्ये तुमच्याच जिल्ह्यातील मुरुंबा गावातील कोंबड्यांत हा रोग सापडला. हा रोग अनेकदा थंडीत उफाळतो आणि त्या काळात कावळेही मरतात. मेलेला कावळा दिसला तर त्याला उघडा हात लावू नये, कोंबड्या आत घ्याव्यात आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. कावळ्यांसाठी चमकणाऱ्या पट्ट्या टांगाव्यात, त्यांची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, आणि कोंबड्यांचे खाद्य छपराखालीच घालावे.

प्रश्न : ऊसतोड सुरू झाली की आमच्या वस्तीवर बिबट्या दिसतो. मागच्या हंगामात रात्री खुराड्याचा पत्रा उचकटून कोंबड्या नेल्या. राखणीला कुत्रा बांधावा का? तारेत वीज सोडली तर चालेल का?
— एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : वीज सोडण्याचा विचार आजच मनातून काढून टाका. घरातल्या विजेची उघडी तार हा गुन्हा तर आहेच, पण अशा तारेने पहाटे पाणी द्यायला निघालेला शेतकरी, शेजारचे मूल किंवा तुमचीच म्हैस जाते.

बिबट्या ऊसतोडीमुळेच का दिसतो ते लक्षात घेणे उपयोगी आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात वर्षातले बरेच महिने ऊस माणसाच्या डोक्यावर उभा असतो. दाट सावली, कालव्याचे पाणी, आणि कुत्रे, डुकरे, घुशी असे भक्ष्य, यांमुळे मादी बिबट्या उसातच विते. गळिताचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. एकेक फड रिकामा होतो तसा बिबट्याचा आसरा मोडतो आणि तो उरलेल्या फडांत व वस्त्यांच्या कडेला सरकतो. याच हंगामात रानमांजरे आणि त्यांच्याहून लहान, ठिपक्यांची वाघाटीही उसातून बाहेर पडतात. म्हणून थंडीत बिबट्याच्या नावावर जाणाऱ्या काही कोंबड्या प्रत्यक्षात रानमांजराने नेलेल्या असतात. पत्रा उचकटला असेल तर मात्र प्राणी मोठा होता, यात शंका नाही.

बिबट्या मुख्यतः कोंबडीसाठी वस्तीवर येत नाही. त्याला कुत्रा आणि शेळी अधिक मोलाची. म्हणूनच खुराड्याजवळ साखळीने बांधलेला कुत्रा हे तुमच्या भागात राखणीचे नव्हे, बोलावण्याचे साधन ठरते. कुत्रा असेल तर त्याला रात्री खोलीत किंवा पक्क्या पिंजऱ्यात ठेवा. तो आतून भुंकला तरी पुरेसे आहे. सातारा किंवा मराठवाड्यातल्या बिबट्या नसलेल्या गावांत मोकळा कुत्रा मुंगूस-कोल्ह्यावर चांगला उपाय आहे, पण एका गावचा उपाय दुसऱ्या गावी जसाच्या तसा नेता येत नाही.

दुसरे कारण अधिक अप्रिय आहे, पण लिहिणे भाग आहे. मेलेल्या कोंबड्या आणि कापलेल्या कोंबड्यांची आतडी-पिसे ओढ्यात किंवा उसाच्या बांधावर फेकली जातात. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांवर बिबट्या येतो. मोठ्या पोल्ट्री शेडजवळ राहणाऱ्यांनी याबाबत ग्रामपंचायतीकडे आग्रह धरावा. मेलेला पक्षी तीन फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा. तुमच्या परसातली एकच कोंबडी असली तरी नियम तोच.

खुराडे घराच्या भिंतीला टेकून, विटांचे किंवा दगडाचे असावे, वर पत्रा नुसता दगडांनी दाबलेला नसावा तर लोखंडी पाइपाला हुक-बोल्टने आवळलेला असावा. तुमच्याकडे नेमका हाच भाग कच्चा होता. हवेसाठी खिडकीला जाड सळ्या आणि आतून वेल्डमेश लावावी. ऊसतोड आसपास चालू असेल त्या आठवड्यांत कोंबड्या सूर्य मावळण्याआधीच आत घ्याव्यात आणि लहान मुलाला हे काम सांगू नये. रात्री आवाज आला तर एकट्याने दार उघडून धावू नये. आधी दिवा लावावा, मोठ्याने बोलावे, भांडी वाजवावीत, मग दोघा-तिघांनी मिळून बाहेर पडावे. चार कोंबड्या परत विकत घेता येतात.

पिंजरा लावून बिबट्या पकडून दूर सोडावा, अशी मागणी गावोगाव होते. भीती मी समजू शकतो. परंतु जुन्नर परिसरात 2001 पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून इतरत्र सोडले गेले, त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या अधिक अडचणीत येतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. माणसावर हल्ला करणाऱ्या प्राण्याची गोष्ट वेगळी, त्याचा निर्णय वनखात्याने तातडीने घ्यायलाच हवा. नुसता दिसलेल्या बिबट्याबाबतही वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर वेळ आणि जागा कळवावी.

ऊस तोडताना ठिपक्यांची पिल्ले सापडली तर ती उचलून घरी आणू नयेत. ती अनेकदा बिबट्याची नसून रानमांजराची किंवा वाघाटीची असतात. आणि बिबट्याची असली, तर आई रात्री त्यांच्यासाठी परत येते. त्या ओळीची तोड थांबवून वनखात्याला बोलवावे.

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये रात्री कोंबड्यांची डोकी नाहीशी होतात, धड जाळीच्या आतच पडलेले असते. गावात करणीची चर्चा चालू झाली आहे. हे काय असावे?
— एक शिक्षिका, गडचिरोली जिल्हा

उत्तर : करणी नाही. कोंबड्या जाळीला टेकून झोपतात. रात्री उदमांजर किंवा रानमांजर बाहेरून पंजा घालून मान ओढते. भोकातून डोके येते, धड येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये तुमच्याकडे मोह फुलतो आणि उदमांजरे मोहाच्या फुलांसाठी गावाजवळच्या झाडांवर येतात. कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतात तोच हा प्राणी, तिकडे तो फणस-काजूच्या दिवसांत घराच्या आढ्यापर्यंत येतो. फळे-फुले हेच त्याचे मुख्य अन्न आहे, कोंबडी वाटेत मिळाली म्हणून घेतो.

उपाय सोपा आहे. झोपण्याचा दांडा जाळीपासून दीड हात आत घ्यावा, जाळीच्या खालच्या तीन फुटांना आतून फळ्या किंवा बांबूचे तट्टे लावावेत, आणि खुराड्यावर झुकलेल्या मोहाच्या किंवा आंब्याच्या लहान फांद्या छाटाव्यात, कारण हा प्राणी छपरावरून उतरतो. छप्पर गवताचे असेल तर त्याखाली जाळी बसवावी. गावातल्या चर्चेसाठी राखेचा पट्टा उपयोगी पडेल. पाच बोटांचे ठसे तुमच्या विद्यार्थ्यांना दाखवा. मुले घरी जाऊन सांगतील ते मोठी माणसे ऐकतात, आणि अशा संशयाचा त्रास बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईला भोगावा लागतो, म्हणून हे लवकर करावे.

प्रश्न : खुराडे रोज किती वाजता बंद करावे? घड्याळाची वेळ सांगितल्यास घरातील सर्वांना सोयीचे होईल.
— एक वाचक, अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : वर्षभरासाठी एकच वेळ ठरवणे हेच पुष्कळ घरांतील नुकसानीचे कारण असते. पुणे-नगर भागात जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरअखेरीस सहालाही पाच मिनिटे असतानाच मावळतो. जूनमध्ये ‘साडेसातला दार लावायचे’ अशी सवय झाली की नोव्हेंबरात दार लावण्याआधी तासभर अंधार पडलेला असतो, आणि कोल्हा, रानमांजर यांना तेवढा वेळ पुरतो. गडचिरोली-गोंदियाकडे सूर्य पुण्यापेक्षा साधारण पंचवीस मिनिटे आधी मावळतो, तिथल्या वाचकांनी तेवढे वजा करावे.

कोंबड्या उजेड कमी होताच आपण होऊन आत जातात. शेवटची कोंबडी दांड्यावर चढली की लगेच मोजून दार लावावे. मोजणी वगळू नये. एखादी तलंग आंब्यावर किंवा गोठ्याच्या आढ्यावर बसली असेल तर ती त्याच वेळी कळते. घुबड आणि उदमांजर अशाच पक्ष्याला रात्री गाठतात. तिला दोन-तीन संध्याकाळी काठीने हलकेच उतरवून आत ठेवले की ती सवय सोडते. संध्याकाळचे दाणे खुराड्याच्या आतच घातल्यास सर्व जणी वेळेवर येतात, फक्त उरलेले दाणे काढून घ्यायला विसरू नये. सकाळी मात्र घाई करू नये. थंडीत पहाटेच्या धुक्यात कोल्हे आणि भटकी कुत्री अजून फिरत असतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत ऊन अंगणात उतरल्यावर, म्हणजे साडेसातच्या पुढे दार उघडावे. उन्हाळ्यात सहाला उघडले तरी चालते, पण लहान पिल्ले असतील तर त्यांना डालग्याखालीच ठेवून.